प्रवासाआधी वाचायचा नकाशा

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा भूगोलाचा तास नकाशा उलगडण्याच्या आवाजाने सुरू होत असे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला तो नकाशा फळ्यावर टांगला की पहिली पाच मिनिटे कोणी काही बोलावयाचे नाही, नुसते पाहावयाचे, असा दंडक होता. मग प्रश्न येई. ‘बेळगावाहून वेंगुर्ल्यास जावयाचे आहे. वाटेत काय काय लागेल?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसे. ते नकाशावरूनच काढावे लागे. नद्या किती ओलांडाव्या लागतील, घाट कोठे सुरू होईल, तो उतरावयास दिवस पुरेल की वाटेत मुक्काम करावा लागेल, हे सारे बोट न ठेवता, नुसत्या नजरेने सांगावयाचे. बोट ठेवले की नकाशा मळतो, हे त्यामागचे कारण.

त्या तासांची आठवण होण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण पुणे, म्हापसा, मडगाव, कोल्हापूर, हुबळी अशा ठिकाणी स्थायिक झालेले आहेत आणि स्नेहसंमेलनाला स्वतःच्या मोटारीने येतात. त्यांच्याशी बोलताना एक तक्रार वारंवार कानांवर येते. खिशात जगाचा नकाशा आहे, परंतु प्रवासाचा बेत आखण्यासाठी तो वाचता येत नाही. अक्षरे बारीक असतात. मोठी करावयास जावे तर गावेच पडद्याबाहेर जातात. लहान करावे तर नावे पुसली जातात आणि उरते ती एक निळी रेघ. पुष्कळांना वाटते की हा आपल्या वयाचा किंवा चष्म्याचा दोष आहे. तसे नाही. ही अडचण खरी आहे, तिला कारणे आहेत, आणि तिच्यावर आज उपायही उपलब्ध आहेत. त्या उपायांची माहिती देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मोबाइलवरील नकाशा हा मुख्यतः ‘मागे जाण्याचा’ नकाशा आहे. तो आज्ञा देतो, आपण ती पाळतो: पाचशे मीटरांवर डावीकडे वळा, पुढील चौकात सरळ जा. गुरुजींचा नकाशा हा ‘वाचण्याचा’ नकाशा होता. तो काही सांगत नसे, विचारावे लागे. शहरात परक्या गल्लीतले घर शोधताना पहिल्या प्रकाराइतका उपयुक्त दुसरा सोबती नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोणत्या रस्त्याने जावे, केव्हा निघावे, अंधार कोठे पडेल, पाऊस असेल तर कोणता घाट टाळावा, हे ठरविण्यासाठी दुसरा प्रकारच लागतो. आपण पहिल्याकडून दुसऱ्याचे काम करवून घेऊ पाहतो आणि तेथेच फसतो.

ही फसगत केवळ वेळ वाया जाण्यापुरती राहते असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मोटारीने गोव्याकडे निघालेले एक कुटुंब मार्गदर्शक नकाशाने सुचविलेल्या जवळच्या वाटेने खानापूर तालुक्यात, हेमाडग्याच्या बाजूस, भीमगड अभयारण्याच्या जंगलात शिरले. रात्र तेथेच काढावी लागली. मोबाइलला संकेत मिळत नव्हता; संकेत मिळेपर्यंत पायी चालत जाऊन पोलिसांना कळविल्यावर त्यांची सुटका झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला होता. त्या पुलाचा एक भाग पुराने आधीच वाहून गेला होता. पडद्यावर मात्र तो अखंड होता.

माझा स्वतःचा अनुभव इतका भयंकर नाही, पण या विषयाकडे मी वळलो तो त्यामुळेच. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही म्हापशाहून बेळगावला परतत होतो. बरोबर थोरल्या आक्का होत्या. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी केरी हे गाव लागते, म्हणून भाच्याने मोबाइलवर ‘केरी’ असे घातले आणि गाडी सुरू केली. मला मागच्या आसनावर डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा आम्ही शिवोलीचा पूल ओलांडून हरमलच्या दिशेने चाललो होतो. गोव्यात केरी नावाची तीन गावे आहेत: एक सत्तरी तालुक्यात, दुसरे फोंडा तालुक्यात आणि तिसरे पेडणे तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीवर समुद्रालगत. आम्ही तिसऱ्या केरीच्या वाटेला लागलो होतो. दोन तास गेले. घाट चढावयास लागलो तेव्हा काळोख पडला होता आणि धुके इतके दाट होते की भाच्याने काच खाली करून, डोके बाहेर काढून, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पाहत गाडी हाकली. आक्का पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होत्या. निघण्यापूर्वी पाच मिनिटे सारा मार्ग एका दृष्टीत पाहिला असता, तर केरी पूर्वेस आहे, उत्तरेस नाही, एवढे तरी ध्यानात आले असते.

यंत्र असे का करते, हे समजून घेणे अवघड नाही. एड्स्गर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या एका कॉफीगृहात आपल्या वाग्दत्त वधूसह बसला असताना, एका शहराहून दुसऱ्या शहरास जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत वीस मिनिटांत मनातल्या मनात बसविली, असे त्याने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या मार्गशोधक प्रणाली तिच्याच सुधारलेल्या वंशज होत. या रीतीत रस्त्यांचे जाळे म्हणजे गाठी आणि दोरे. प्रत्येक दोऱ्यास एक आकडा दिलेला असतो. तो अंतराचा असेल किंवा वेळेचा. गाठीगाठीने पुढे सरकत, कमीत कमी बेरीज होईल असे दोरे निवडावयाचे. बेरीज कधी चुकत नाही. चुकतो तो आकडा. जंगलातील लाकूडगाडीच्या वाटेस कोणी चुकून डांबरी रस्त्याचा वेग लावून ठेवला असेल, तर यंत्र त्या वाटेवर पूर्ण विश्वासाने आपल्याला पाठविते. वाहून गेलेला पूल दोऱ्यांच्या यादीतून काढला गेला नसेल, तर यंत्राच्या दृष्टीने तो उभाच असतो. तात्पर्य, त्याला रस्ता ‘दिसत’ नाही, केवळ आकडे दिसतात. पाहण्याचे काम माणसासाठी शिल्लक आहे, आणि त्यासाठीच वाचता येण्याजोगा नकाशा हवा.

आता मूळ तक्रारीकडे येऊ: नकाशा वाचता का येत नाही? पहिले कारण शुद्ध अंकगणिताचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जे स्थलदर्शक नकाशे आपण टोपोशीट म्हणून ओळखतो, त्यांचे रूढ प्रमाण १:५०,००० आहे. म्हणजे कागदावरील दोन सेंटिमीटर हे जमिनीवरचे एक किलोमीटर. असे एक पत्रक अक्षांश-रेखांशांच्या पंधरा-पंधरा मिनिटांचा चौकोन दाखविते. आपल्या भागात तो साधारणतः २७ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच भरतो. टेबलावर पसरले की हा सारा मुलुख डोळ्यांसमोर येतो, आणि त्यातील वाडी-वस्तीचे नावही वाचता येते. आता मोबाइलचा पडदा घ्या. त्याची रुंदी साडेसहा सेंटिमीटर धरू. त्याच प्रमाणावर त्या पडद्यात फक्त सव्वातीन किलोमीटर रुंदीची पट्टी मावते. उलट बेळगाव आणि पणजी ही दोन्ही गावे एकाच वेळी उभ्या पडद्यात पाहावयाची तर प्रमाण ११ लाखांस एक इतके लहान करावे लागते. त्या प्रमाणावर जांबोटी, कणकुंबी, मोले, तिनईघाट यांना जागा कोठून मिळणार? दोष तंत्रज्ञानाचा नाही. खिडकी लहान आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. छापील नकाशा एका ठरावीक प्रमाणासाठी एका माणसाने काढलेला असे. कोणते गाव ठेवावे, कोणते वगळावे, नाव नदीच्या वर लिहावे की खाली, हे नकाशाकार ठरवीत असे. या निवडीस नकाशाशास्त्रात सामान्यीकरण म्हणतात. पडद्यावरील नकाशा मात्र वीसेक पातळ्यांवर वेगवेगळा काढावा लागतो. सर्वांत वरच्या पातळीवर सारे जग २५६ ठिपके लांबी-रुंदीच्या एकाच चौकोनात बसविलेले असते. प्रत्येक पातळीस लांबी आणि रुंदी दुप्पट होत जाते, म्हणजे चौकोनांची संख्या चौपट. दहाव्या पातळीवरच हे चौकोन दहा लाखांवर जातात. इतक्या चौकोनांवर कोणी हाताने नावे लिहू शकत नाही. ती नियमांनुसार यंत्र लिहिते. नावांची टक्कर होऊ लागली की यंत्र त्यातील एक गाळते, आणि पुष्कळदा गाळू नये ते गाळते. घाटमाथ्यावरचे दहा घरांचे गाव लोकसंख्येने क्षुल्लक असते, पण प्रवाशाच्या दृष्टीने ते शेवटचा चहा मिळण्याचे ठिकाण असते. हा विवेक नियमात बसविणे कठीण आहे.

यात काळानुरूप भरही पडली. नकाशा-आरेखनाचे अमेरिकी अभ्यासक जस्टिन ओबर्न यांनी २०१६ मध्ये गूगलच्या नकाशांची २०१० मधील रूपाशी तुलना करून दाखविले की मधल्या काळात नकाशावरील गावांची नावे कमी झाली आणि रस्ते वाढले. रस्ता कोठून कोठे जातो, हे सांगणारी गावेच विरळ झाल्यावर उरलेल्या रेघांचे जाळे वाचणार कसे? पुढे २०२३ मध्ये त्याच नकाशाचे रंग बदलले. पिवळे-पांढरे रस्ते करड्या रंगाचे झाले. गाडी चालविताना निळी मार्गरेषा उठून दिसावी यासाठी हे सोयीचे असेलही, परंतु घरी बसून मुख्य रस्ता आणि गावरस्ता यांतला फरक शोधणाऱ्याची त्यामुळे गैरसोय झाली. फ्रान्समध्ये टायर बनविणाऱ्या मिशेलिन कंपनीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रस्त्यांचे नकाशे छापावयास घेतले. त्यांत निसर्गरम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते, आणि फाट्या-फाट्यांमधील अंतरांचे आकडे छापलेले असतात. बेत आखणाऱ्याच्या मनात कोणते प्रश्न येतील याचा विचार आधीच केलेला असला, म्हणजे नकाशा कसा होतो, हे त्यावरून कळते.

मग असे नकाशे आज संगणकावर मिळतात काय? मिळतात. किंबहुना आपल्या तारुण्यात मिळत नव्हते इतके मिळतात, आणि हे विधान अतिशयोक्तीचे नाही. ज्यांनी १९७०-८०च्या सुमारास टोपोशीट मिळविण्याचा प्रयत्न केला असेल त्यांना स्मरत असेल की किनाऱ्यापासून आणि देशाच्या सीमेपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव सामान्य नागरिकास खुले नसत. गोवा जवळजवळ संपूर्णपणे या पट्ट्यात येई. म्हणजे घाटावरच्या आपल्या बाजूचे पत्रक कदाचित पाहावयास मिळे, आणि उतार सुरू झाला की नकाशा संपे! २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या. एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. २०१७ पासून खुल्या मालिकेतील पत्रके नागरिकांना संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२१ मधील नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलीसुरली बंधने पुष्कळच सैल केली.

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या या सर्वेक्षण विभागाची पत्रके आता त्याच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करून घरबसल्या घेता येतात. जुन्या पद्धतीच्या क्रमांकांनुसार बेळगाव, खानापूर, लोंढा आणि चोर्ला हा सारा भाग ४८ आय या अंशपत्रकात येतो. पणजीसाठी शेजारचे ४८ ई पाहावे लागते. खुल्या मालिकेचे क्रमांक निराळे आहेत, पण संकेतस्थळावर जिल्हा किंवा गाव यांवरून पत्रक शोधता येत असल्याने अडचण पडत नाही. या पत्रकांचा खरा मोठेपणा समोच्चरेषांत आहे. १:५०,००० प्रमाणावर दोन लगतच्या रेषांमध्ये २० मीटरांचा फरक असतो. बेळगावाकडचे पठार समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे आणि गोव्याच्या बाजूचा पायथा पाच-पन्नास मीटरांवर. म्हणजे घाट उतरताना सुमारे पस्तीस रेषा ओलांडावयाच्या. कागदावर जेथे या रेषा केसांसारख्या जवळजवळ आल्या असतील आणि रस्ता त्यांना थेट छेदत असेल, तेथे उतार तीव्र; जेथे रस्ता रेषांच्या कडेकडेने वळसे घेत असेल, तेथे लांबी अधिक पण चढ सुसह्य. तिलारीचा घाट आणि आंबोलीचा घाट यांतील फरक हे पत्रक न बोलता सांगते. नव्या वाहनचालकाने तिलारीने उतरावे की नाही, हा निर्णय त्या रेषा पाहिल्यावर सहज होतो.

या पत्रकांचा दोष म्हणजे त्यांचे वय. सर्वेक्षणाचे वर्ष पत्रकाच्या समासात छापलेले असते, ते प्रथम पाहावे. नवे बाह्यवळण, चौपदरी महामार्ग, उड्डाणपूल त्यात नसण्याचा संभव आहे. रस्त्यांचे क्रमांकही जुने असू शकतात. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. ज्याला आपण जन्मभर चार नंबर म्हणत आलो तो पुणे-बेंगळूर रस्ता आता ४८, बेळगाव-पणजी रस्ता ४-अ होता तो ७४८, आणि किनाऱ्यालगतचा १७ झाला ६६. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘चार नंबरने या’ असे सांगावे, पडद्यावर ४८ दिसावा आणि पत्रकावर ४, अशी तिहेरी भाषा सांभाळावी लागते. परंतु डोंगर, ओढे, खिंडी आणि गावे बहुधा जागच्या जागी असतात. आखणीचा पाया म्हणून पत्रक जुने असले तरी चालते.

रस्त्यांच्या ताज्या माहितीसाठी दुसरा आधार ओपनस्ट्रीटमॅप हा आहे. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने २००४ मध्ये आरंभिलेला हा उपक्रम म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून रेखाटलेला नकाशा होय. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो. त्यात महामार्गापासून पाऊलवाटेपर्यंत रस्त्यांचे वर्ग पाडलेले असतात, आणि मोठ्या रस्त्यांचे वर्ग रंगांवरून ओळखता येतात: तांबूस, नारिंगी, पिवळा, मग पांढरा. कच्ची वाट तुटक रेषेने दाखवितात. याच माहितीच्या आधारे जर्मनीत तयार झालेला ओपनटोपोमॅप तर पाहताक्षणी टोपोशीटची आठवण करून देतो, कारण त्यात समोच्चरेषा आणि डोंगरांची छाया घातलेली आहे. उंचीची ही माहिती फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने अकरा दिवसांत गोळा केली. अंतराळातून मोजलेला सह्याद्री आणि खेड्यातल्या स्वयंसेवकाने टिपलेली पाणंद एकाच चित्रात पाहताना मला तरी मौज वाटते. मात्र सावधगिरी येथेही हवी. स्वयंसेवक जेथे पोहोचला नाही तेथे नकाशा रिता आहे. आणि रिती जागा म्हणजे तेथे काही नाही, असा अर्थ नव्हे.

हाच नकाशा मोबाइलवर घेण्यासाठी ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स अशी उपयोजने आहेत. त्यांचे दोन गुण आपल्या श्रोत्यांच्या विशेष कामाचे. एक, संपूर्ण राज्याचा नकाशा घरीच उतरवून ठेवता येतो. मग कणकुंबीच्या पुढे संकेत गेला तरी नकाशा जात नाही. दुसरा, नावांची अक्षरे मोठी करण्याची सोय दोहोंत आहे. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी या सोयीचा शोध घेण्यात पाच मिनिटे खर्चावीत. इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेले ‘भुवन’ हेही येथे सांगितले पाहिजे. उपग्रहाने टिपलेले चित्र पाहून, नकाशातील रेघ जमिनीवर खरोखरीच रस्त्याइतकी रुंद आहे काय, याची खात्री करता येते. अर्थात भीमगडसारख्या दाट रानात झाडांच्या छत्रामुळे खालचे काही दिसत नाही. आणि जेथे रस्ता झाडीत लुप्त होतो तेथे मोटार नेऊ नये, हेही त्या चित्रावरूनच शिकावयाचे.

नावांचा प्रश्न मात्र सर्व नकाशांना समान आहे, आणि सीमाभागातील व गोव्यातील माणसाला तो जितका छळतो तितका क्वचितच कोणाला छळत असेल. आपण डिचोली म्हणतो, नकाशा पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत ‘बिचोलिम’ लिहितो. साखळीचे ‘सँक्वेलिम’, म्हापशाचे ‘मापुसा’, केप्याचे ‘क्वेपेम’, पेडण्याचे ‘पेर्नेम’. घाटावर यावे तर एकाच गावाची मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन रूपे. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी झाले असल्याने जुन्या पत्रकात एक आणि नव्या नकाशात दुसरे आढळते. यातील कोणते रूप योग्य, हा वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे; प्रवाशास सर्व रूपे ओळखता आली पाहिजेत, एवढेच मला म्हणावयाचे आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच गावास निरनिराळ्या भाषांतील नावे स्वतंत्रपणे जोडण्याची व्यवस्था आहे, आणि वर उल्लेखिलेल्या उपयोजनांत मराठी नावे निवडली तर जेथे ती नोंदविलेली आहेत तेथे ती दिसतात. पुष्कळ खेड्यांची अद्याप नोंदविलेली नाहीत. हे काम कोणीही करू शकतो. आपापल्या गावाभोवतीच्या वाड्यांची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, अशा निवृत्त माजी विद्यार्थ्यांनी ते मनावर घेतल्यास फार मोठी सोय होईल.

सारख्या नावांची जोखीम वेगळीच. तीन केऱ्यांचा अनुभव वर सांगितला. ‘फोंडा’ हे गोव्यातले तालुक्याचे ठिकाण, आणि सिंधुदुर्गात कणकवलीजवळ, फोंडाघाटाच्या पायथ्याशी, दुसरे फोंडा. दोहोंमध्ये सबंध सावंतवाडी आणि कुडाळ तालुके पसरलेले आहेत. यासाठी गावाचे नाव कधी एकटे घालू नये; तालुका जोडावा, आणि उत्तर आले की प्रथम नकाशा लहान करून ते गाव आपल्यापासून कोणत्या दिशेस आले आहे हे पाहावे. दिशा चुकीची असेल तर बाकीचे सारे बरोबर असून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष आखणी कशी करावी, हे आपल्याच एका प्रवासाच्या आधारे सांगतो. बेळगावाहून पणजीस जाण्यासाठी मुख्यतः तीन बाजूंनी उतरता येते. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने साखळीस. खानापूर, लोंढा, रामनगरावरून अनमोड घाटाने मोले आणि फोंडा. किंवा चंदगडच्या बाजूने आंबोलीस जाऊन सावंतवाडी, बांद्यावरून. तिलारीचा चौथा मार्ग आहेच. पैकी चोर्ल्याचा सर्वांत जवळचा, म्हणून यंत्र बहुधा तोच सुचविते. यंत्रास विचारण्यापूर्वी हे चारही मार्ग एका कागदावर पाहावेत. त्यासाठी मोबाइल बाजूस ठेवून संगणकाच्या मोठ्या पडद्यापाशी बसावे. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर ‘शेअर’ या भागात हव्या त्या प्रमाणाचा नकाशा चित्ररूपाने उतरवून घेता येतो. तेथे अडीच लाखांस एक हे प्रमाण घ्यावे. या प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. बेळगाव ते पणजी सरळ रेषेतील अंतर सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे कागदावर ३२-३३ सेंटिमीटर. झेरॉक्सच्या दुकानात ज्याला ए-थ्री म्हणतात, तो ४२ सेंटिमीटर लांबीचा कागद आडवा घेतला की सारा प्रवास त्यावर मावतो. छपाईस खर्च फारसा येत नाही.

तो कागद टेबलावर ठेवून पेन्सिलीने चारही मार्ग गिरवावेत. ज्या ठिकाणी रस्ता फुटतो ते फाटे गोल करावेत. चुका फाट्यांवर होतात, सरळ रस्त्यावर नाही. पेट्रोल पंप, दवाखाना असलेले मोठे गाव आणि मोबाइलचा संकेत जेथे संपतो ते ठिकाण यांच्या खुणा कराव्यात. शेवटची खूण कोणत्याही नकाशात नसते. ती अनुभवी माणसास विचारूनच करावी लागते. त्यानंतर ओपनटोपोमॅपवर अथवा टोपोशीटवर केवळ घाटाचा तुकडा मोठा करून पाहावा. वळणे किती, उतार कोणत्या बाजूस, दरी डावीकडे की उजवीकडे, हे पाहून ठेवले की धुक्यातही मन स्थिर राहते. मग घाट उजेडात उतरावयाचा असेल तर किती वाजता निघावे, याचा हिशेब उलटा मांडावा. यंत्र वेळ सांगते ती गाडी कोठेही न थांबता चालली तर लागणारी. चहा, लहान मुले, घाटातील मालमोटारींची रांग आणि पावसाळा त्यात धरलेला नसतो. मी यंत्राच्या वेळेत पावसाळ्यात निम्मा वेळ अधिक मिळवितो, आणि सहसा चुकत नाही.

इतके झाले म्हणजे मोबाइल हातात घ्यावा. तो सुचवील तो मार्ग आपल्या कागदावरील कोणत्या मार्गाशी जुळतो, हे ताडून पाहावे. चारांपैकी एकाशीही जुळत नसेल, एखादा पाचवाच बारीक रस्ता ‘वीस मिनिटे वाचतील’ असे आमिष दाखवून पुढे येत असेल, तर तो घेऊ नये. विशेषतः रात्री, आणि विशेषतः तो रस्ता हिरव्या रंगाने दाखविलेल्या वनक्षेत्रातून जात असेल तर. वाटेत मधल्या मोठ्या गावांचे थांबे मोबाइलमध्ये क्रमाने घालून ठेवले, जसे जांबोटी, कणकुंबी, साखळी, तर यंत्र आपल्या मनाने आडवाट धरीत नाही. घातलेले प्रत्येक नाव नकाशावर योग्य जागी पडले आहे ना, हेही पाहून घ्यावे.

पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो, किंवा रस्त्याच्या कामासाठी अवजड वाहनांना मनाई होते. ही बातमी नकाशात उशिरा येते किंवा येतच नाही. ती निघण्याच्या दिवशी सकाळी घ्यावी. वर्तमानपत्र आहे, पोलीस ठाण्याचा दूरध्वनी आहे; पण माझा भरवसा बस स्थानकावर आहे. गोव्याहून पहाटे सुटलेल्या कदंब महामंडळाच्या किंवा आपल्या बाजूच्या गाड्या बेळगावात पोहोचलेल्या असतात. त्यांच्या चालकास ‘घाट कसा आहे?’ एवढे विचारावे. तो आदल्या तासाभरात तो रस्ता स्वतः उतरून किंवा चढून आलेला असतो. घडी घातलेला नकाशा त्याच्यासमोर उलगडला, तर तो बहुधा चहाचा पेला खाली ठेवून कोणत्या वळणावर माती आली आहे, हे बोट ठेवून दाखवितो. त्या वेळी नकाशा मळला तरी हरकत नाही.